चाळीस खुंट्यांचा माळ

"जाऊबाई, हा खुंटा तुमच्या माहेरून आलाय का?"

"तुझ्या तरी आलाय का गं, धाकटे? काल माझी गाय इथंच होती. सोड ती शेळी!"

सकाळी सकाळी माळावर दोघी जावा दावं ओढत होत्या आणि मधल्या शेळीचा जीव जात होता. खरं बघता खुंटा दोघींचाही नव्हता, सरकारी होता. माळ सरकारी, त्यावरचं गवत सरकारी, आणि मोजणी खात्यानं एक दिवस येऊन त्यावर चाळीस लोखंडी खुंटे ठोकले, तेही सरकारी. कशाला, ते खात्यानं सांगितलं नाही आणि गावानं विचारलं नाही. भुई अशी मुरमाड, की लाकडी खुंटा रोवावा तर सांजेपर्यंत जनावर तो गळ्यात मिरवत घरी यायचं. त्यात हे आयते खुंटे! आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं.

धाकट्या जावेला सारा गाव आत्या म्हणायचा. तिचा गुडघा कामातून गेलेला, शेळ्यांमागं पळणं होत नव्हतं. सात शेळ्या सात खुंट्यांना बांधायच्या आणि सावलीला बसायचं. आज हे सात, उद्या ते सात. बाकीचे खुंटे थोरलीच्या गायींना नि गावाला.

वर्षानं मोजणीच्या बाई आल्या. प्रत्येक खुंट्याशी चौकट टाकून, ढोपरावर बसून, त्यांनी गवताची काडी न् काडी मोजली. महिन्याभरात चावडीच्या दारावर कागद लागला : माळ उजाड झाला आहे, तीन वर्षं चराई बंद.

गाव चावडीत जमलं. बाईंनी समजावून सांगितलं, "अहो, एवढा मोठा माळ काडी-काडीनं कोण मोजणार? शितावरून भाताची परीक्षा. चाळीस ठिकाणी बघितलं, चाळीसही ठिकाणी भुई उघडी."

आत्यानं बोलायला तोंड उघडलं. थोरलीनं तिला चिमटा काढला. "गप बस. सरकारी खुंट्याला जनावर बांधलं म्हणून आत टाकतील."

पण तीन वर्षं शेळ्या काय दावणीला बसून हवा खाणार? आत्या गुडघा धरून उठली. "बाई, भात चांगला आहे. शितं तेवढी आमच्या जनावरांनी खाल्ली."

चावडी हसली. बाई हसल्या नाहीत. तशाच उठून आत्याबरोबर माळावर गेल्या. खुंट्याजवळ लेंड्या आणि धूळ. तिथून दहा पावलं टाकली, तर गवत पोटरीला लागलं. बाईंनी कपाळावर हात मारला.

"आत्या, हे बाहेरचं गवत माझ्या तक्त्यात बसत नाही हो."

"मग खुंटा उपटून इथं ठोका."

"जागा बदलली, तर गेल्या वर्षाशी ताळा कसा घालू? पण वर लिहिते मी."

बाईंनी लिहिलं. दोन महिने जनावरं दावणीला झाडपाला खात राहिली. मग उत्तर आलं. बंदी उठली. प्रत्येक खुंट्याभोवती तारेचं कुंपण घालावं आणि राखणीला माहीतगार माणूस नेमावं. खुंट्यांची माहिती आत्याएवढी कुणाला असणार?

"चोराच्या हाती किल्ल्या दिल्या गं बाई," थोरली म्हणाली.

आत्यानं राखण मात्र इमानानं केली. कुंपणात वाऱ्याशिवाय कुणी शिरलं नाही. आधीच लेंड्यांचं खत पडलेलं, गवत कमरेला आलं. आणि बाहेर? दोन महिन्यांची भुकेली जनावरं माळावर तुटून पडली होती. वर्ष सरता सरता गवत दोन बोटं उरलं.

मोजणी पंधरा दिवसांवर आली, तेव्हा थोरली खुशीत होती. "यंदा माळ पहिला नंबर काढतोय बघ. पास झाला, की शेजारच्या चार गावांची गुरंही इथं सोडणार आहेत म्हणे."

आत्या कुंपणाच्या आत बघत राहिली, मग बाहेर. चार गावांची गुरं आली, तर माळाची मुळंसुद्धा उरायची नाहीत. वर कळवावं, तर तिथं तक्ताच बघणार, आणि तक्त्यात खुंट्याजवळचंच गवत.

दुसऱ्या दिवशी तिनं कुंपणाचं फाटक उघडलं आणि शेळ्या आत घातल्या. स्वतः काठी घेऊन उभी राहिली. गवत दोन बोटांवर आलं, की शेळ्या बाहेर, पुढचं कुंपण. गुडघा ठणकत होता. रोज तीन, शेवटच्या दिवशी एक. चौदा दिवसांत चाळीस झाली.

बाई आल्या. कुंपणात ताज्या लेंड्या, खुरांचे ठसे. त्यांनी आत्याकडं बघितलं. बाहेर जाऊन गवताला बोटं लावली, आत येऊन लावली. दोन्हीकडं दोनच.

"आत्या, शेळ्या आत आल्या होत्या, हे मला लिहावं लागेल."

"लिहा की. आहे ते सगळं लिहा."

महिन्यानं दोन कागद आले. थोरलीच्या सुनेनं वाचून दाखवले. पहिला आत्याच्या नावाचा : कामात हयगय केल्याबद्दल राखणीवरून कमी करण्यात येत आहे.

"आणि दुसरा?"

"माळ थकलेला आहे. बाहेरच्या गुरांना परवानगी नाही. अर्धा माळ वर्षभर विसाव्याला ठेवावा."

"कुठला अर्धा?"

"ओढ्याकडचा."

"बरोबर धरलाय, पाण्यापायी गुरं तिथंच जास्त चरतात," आत्या म्हणाली, आणि शेळ्या सोडून दुसऱ्या अर्ध्याकडं वळवल्या.