लाखोळीचं पाणी

पौषातल्या सकाळी बांध्यांवरचं, म्हणजे धानाच्या खाचरांवरचं, धुकं विरळ होऊ लागलं, की त्यातून आधी लाखोळीची निळी फुलं दिसत आणि मग भागरताबाई. धान कापून नेलेल्या ओलसर जमिनीत, उरल्या खुंटांच्या आधारानं ते पीक कुणी पेरलं नसल्यासारखं वर आलेलं असे. दवावर वाढे, पाण्यावाचून तगे, आणि दृष्टी पोचेल तिथवर एक थंड निळसर उजेड धरून राही. त्या उजेडात कमरेतून वाकून भागरताबाई भाजीसाठी कोवळे शेंडे खुडत. शेंडा तुटल्याचा बारीक आवाज, बांगड्यांचा त्याहून बारीक, आणि दोहोंच्या खाली, संथ आणि निश्चित, त्यांच्या पावलांचा. टाच आधी, मग तळवा, मग बोटं. जमिनीवर विश्वास असलेलं माणूस कसं चालतं, ते मी त्यांच्याकडं पाहून समजून घेतलं.

रोवण्याच्या दिवसांत तर त्यांचं चालणं हे सगळ्या रांगेचं घड्याळ असे. चिखलात मागं मागं सरकत धानाची रोपं लावायची, पाठीमागं न पाहता पाऊल टाकायचं आणि ओळ मोडू द्यायची नाही. इतर बाया त्यांच्याकडं तिरक्या नजरेनं पाहून आपली गती जुळवत. चाळिशीच्या त्या सडपातळ बाईचं वैभव काय, असं कुणी विचारलं असतं, तर मी दोन पाय एवढंच लिहिलं असतं.

लिहिणं हे माझं कामच होतं. सत्तरच्या दशकातली ती मधली वर्षं. नागपूरहून एक संशोधन-पथक आसगावच्या पलीकडच्या त्या लहान गावात येई, आणि पथकाच्या याद्या माझ्याकडं असत: घर, माणसं, वय, कोण काय खातं, किती दिवस खातं, कोण कसं चालतं. विषय लाखोळीचा होता. ही डाळ कधीमधी खाल्ली तर काही बिघडत नाही. पण धान बुडालेल्या वर्षी तीच वरण आणि तीच भाकर झाली, की दोन-तीन महिन्यांनी एखाद्या सकाळी धडधाकट माणूस बाजेवरून उठतो आणि पाय त्याचं ऐकत नाहीत. पोटऱ्या ताठतात, गुडघे एकमेकांना घासतात, टाच उचलली जाते ती पुन्हा टेकत नाही.

भागरताबाईंचे यजमान दसरथ यांना हे आधीच झालेलं होतं. पाय कात्रीसारखे एकमेकांवरून टाकत, काठीच्या आधारानं ते अंगणात ये-जा करत. त्या घरात दोन चाली ऐकू येत: एक भरलेली, एक फरपटणारी. घरात दोन तरणी मुलं होती, मोतीराम आणि त्याचा धाकटा भाऊ. आई बोलताना कुणाकडंही पाहत असली तरी तिची नजर मधूनमधून त्या चार पायांवरून फिरून येई.

देवळासमोर चुन्याची रेघ मारून पथकातले डॉक्टर एकेकाला तिच्यावरून चालायला लावत, मग बाजेवर बसवून गुडघ्याखाली रबरी हातोडी ठोकत. दसरथ यांची पाळी आली तेव्हा ते हसून म्हणाले, "ठोका जी साहेब. कुलूप जुनं हाय, चाबी हरपली."

लोक हसले. हातोडी पडली आणि पाय असा उसळला, की पुढं उभे असलेले मागं सरकले.

"ऑपरेशन करून नाई होत का सरळ?" दसरथ यांनी विचारलं.

"पायात दोष असता तर केलं असतं," डॉक्टर म्हणाले. "दोष वर आहे. मेंदूचा हुकूम पाठीच्या कण्यातून पायांकडं नेणारे तंतू असतात, ते जळालेत. एकदा गेले की पुन्हा येत नाहीत. तिथं सुरी पोचत नाही आणि औषधही नाही."

बायांच्या घोळक्यातून भागरताबाईंनी विचारलं, "पोराईले होईन का, जी?"

"तरुण पुरुषांना जास्त होतं. बायांना त्या मानानं कमी."

ते वाक्य खरं होतं. पुष्कळांनी पुष्कळ ठिकाणी तपासून काढलेलं होतं. जमलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. भागरताबाईंनी ते घरी नेलं.

त्या वर्षी भादव्यातच पाऊस निघून गेला होता. धान दाण्यात भरलं नाही. लोंब्या उभ्या होत्या, पण हातात घेतल्या तर नुसता भुसा. लाखोळी मात्र आली, आणि अशा वर्षी तिचं भरघोस येणंच भयाचं असतं. कणग्यांतून ती पिवळसर डाळ चढत गेली, आणि सबंध गावावर फाल्गुनाचं स्वच्छ, कोरडं, काही न सांगणारं ऊन पडून राहिलं. डाळ खाऊ नका, हे सांगण्यात अर्थ नव्हता. दुसरं पोटभर खायला नव्हतं. पण एक उपाय संशोधनातून हाती आला होता. डाळीतलं विष पाण्यात उतरतं. उकळतं पाणी डाळीवर ओतायचं, झाकून दोन-तीन तास ठेवायचं, ते पाणी टाकायचं, मग ताज्या पाण्यात डाळ शिजवायची. जवळजवळ सगळं विष त्या पहिल्या पाण्याबरोबर जातं.

हे मी भागरताबाईंच्याच अंगणात करून दाखवलं. गंजाचं, म्हणजे त्या पातेल्याचं, झाकण काढलं तेव्हा पाण्याला सोनेरी रंग आला होता आणि वरणाचा वास. मी गंज उचलला आणि ते पाणी उकिरड्यावर ओतलं. वाफ उठली. बायांमधून एक हुंकार आला, कुणाचं तरी भांडं हातातून पडून फुटावं तसा.

"बाई, हे त खाण्यातलं पाणी होय," एक म्हातारी म्हणाली. "भांडे धुतलेलं नोहोय."

आमच्याकडं डाळीवरच्या पाण्याला कट म्हणतात, आणि कट कुणी फेकत नाही. मीठ-मिरची टाकून त्याचं सार होतं. बाळंतिणीला देतात, तापातून उठलेल्याला देतात. मी हे जाणत होते. माझ्या घरीही तसंच होतं. तरी मी म्हातारीला म्हटलं, "आजी, यात विष आहे," आणि वहीत लिहिलं, प्रात्यक्षिक झालं. भागरताबाई उकिरड्याकडं पाहत होत्या. जमिनीत जिरणाऱ्या त्या पिवळ्या डागावर त्यांची नजर पुष्कळ वेळ राहिली.

चैत्रात आणि वैशाखात मी घरोघर फिरले. प्रश्न ठरलेला: डाळ भिजवलेलं पाणी वेगळं काढता का? ऊन टाळायचं, सगळी घरं उरकायची, म्हणून मी ओसरीवरूनच विचारत असे.

"हो जी, बाई. वरणात थेंब नाई ठेवत," भागरताबाई आतून म्हणत. मी खूण करून पुढच्या घराकडं वळे. मुलं चांगली चालत होती. यादी चांगली दिसत होती.

आषाढात रोवणा सुरू झाला आणि मी पुन्हा गेले. धुऱ्याची, शेताच्या बांधाची, माती ओली होती, आणि तिच्यावर माझ्यापुढं कुणी गेल्याचे ठसे होते. बोटं होती, चवडा होता, आणि जिथं टाच हवी तिथं अस्पर्श, गुळगुळीत माती. असे ठसे मी याद्यांसाठी पुष्कळ पाहिले होते. दसरथ इतक्या दूर येत नसत. मोतीराम असेल, या विचारानं मी चालण्याचा वेग वाढवला.

ठसे बांधीपाशी संपले. बाया वाकलेल्या होत्या. रांग पुढं निघून गेली होती आणि एकच बाई मागं राहिली होती.

"काहून व भागरता, टाचा माहेरी ठेवून आली का?" एकजण ओरडली.

"माहेर दूर हाय व, जाऊन आणून दे," भागरताबाई म्हणाल्या. बाया खळखळून हसल्या. त्याही हसल्या, आणि हसतानाच तोल जाऊन एक हात चिखलात टेकवला.

त्या दिवशी मी ओसरीवर थांबले नाही. दुपारी त्यांच्या मागोमाग चुलीपर्यंत गेले. त्यांनी डाळीवरचं झाकण काढलं, पाणी एका गंजात नीट गाळून घेतलं, थेंबही सांडू न देता. डाळ चुलीवर चढवली. मग गंजात मीठ घातलं, एक हिरवी मिरची चुरडली, मूठभर शिळा भात कुस्करला आणि भिंतीकडं तोंड करून त्या ते पिऊ लागल्या.

"भागरताबाई, हे काय करता?"

"टाकून राहिली ना, बाई." त्या दचकल्या नाहीत. "पोराईच्या पोटातून टाकलं, धन्याच्या पोटातून टाकलं. उकिरड्यावर नाई टाकवत मले."

"रोज पिता?"

"त मंग? माह्या वाटणीचा भात त्याईले होते. साहेबच म्हणत होते, बायाईले होत नाई."

"कमी होतं, म्हणाले होते."

'कमी' आणि 'नाही' यांत किती अंतर असतं, ते पोटरीवरून हात फिरवत त्या चाचपत होत्या. चार माणसांच्या डाळीतलं विष, तीन-साडेतीन महिने, एका देहात. एवढं गणित मला त्या चुलीपाशी उभ्या उभ्या करता आलं, आणि त्यापुढचं करवेना.

मी गंज हातातून काढून घेतला. त्यांनी मला घेऊ दिला, पण माझं मनगट धरलं.

"पोराईले सांगू नोका, बाई. नाई त जेवणार नाईत ते. घासच उतरणार नाई."

मी हो म्हटलं. तेही एक प्रकारचं टिपण होतं, फक्त वहीत नव्हतं.

त्याच दुपारी देवळासमोर डॉक्टरांनी हातोडी ठोकली. भागरताबाईंचा गुडघा उसळला. त्यांनी हातोडी पेटीत ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठोकली. संध्याकाळी मी यादीत एक नवा रकाना आखला: ते पाणी पुढं कुठं जातं? आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी चुलीपाशी बसून. एका घरी ते वासराला जात होतं. एका घरी सुनेला. एका घरी म्हातारी म्हणाली, "कोठी जाईन? मीच हाय ना." माझ्या जुन्या यादीत या सगळ्या घरांपुढं निर्दोष खुणा होत्या. बाहेर पाऊस लागून राहिला होता, छपरांवरून एकसारखा उतरत होता, आणि प्रत्येक घरात चुलीच्या धुराआड एक बाई आपला गंज पदराखाली सरकवत होती.

नव्या रकान्यामुळं पुढं काही घरं सावरली. सुनेचा पाय वाचला, म्हातारीचाही वाचला असावा. भागरताबाईंचा वाचला नाही. पहिल्या वर्षी एक काठी आली, तिसऱ्या वर्षी दुसरी. मी जाई तेव्हा त्या दारात बसलेल्या असत. पाय एकमेकांत गुंतलेले, हात मात्र अजून चपळ, डाळ पाखडत, शेंगा सोलत. रोवण्यावरून येणाऱ्या बायांना त्या दुरून नावानं ओळखत आणि कुणाची ओळ वाकडी गेली असेल ते चालीवरून सांगत. "माह्यं घड्याळ थांबलं, पर वेळ दिसते ना," असं एकदा म्हणाल्या आणि हसल्या. मग मुलं शेतावरून येत. दोघं ताडताड अंगण ओलांडत, आणि त्या बोलायच्या थांबून नुसतं ऐकत राहत, चार टाचा जमिनीवर पडताना.

माझी बदली झाली. याद्या बदलल्या. दहाएक वर्षांनी लाखनीच्या बसथांब्यावर एका माणसानं मला हाक मारली. मोतीराम होता. धिप्पाड झाला होता, मिशा राखल्या होत्या. आई गेल्या हिवाळ्यात गेली, म्हणाला; वडील तिच्या आधीच. रस्त्यावरून ट्रकमागून ट्रक जात होते आणि तो शब्द जुळवत उभा होता.

"बाई, एक विचारतो. आमी सगळे एकाच भांड्यातलं जेवलो. बाबुले झालं, मायले झालं. आता आमची पाळी हाय का? सकाळी बाजेवरून उतरतो त आधी टाच टेकवून पाहतो मी. रोज पाहतो. माह्या पोरीलेबी चालवून पाहतो."

एवढी वर्षं तो या भीतीवर पाय टेकवत उठत होता. मी दिलेल्या शब्दानं त्याचं जेवण राखलं होतं आणि त्याची प्रत्येक सकाळ खाल्ली होती.

"तुला होणार नाही, मोतीराम."

"काहून?"

मी सांगितलं. गंज, मीठ, मिरची, भिंतीकडं वळलेलं तोंड, माझं धरलेलं मनगट. काही गाळलं नाही. ऐकता ऐकता तो बाकावर बसला. त्याची एसटी आली, धूळ उडवत उभी राहिली, कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. त्याचे ते भक्कम, बिनडागी पाय जमिनीवर जोडीनं ठेवलेले होते, आणि त्याला उठता येत नव्हतं. गाडी निघून गेली.

माणूस गेलं की त्याची रिकामी जागा आपण घरात शोधतो, दारात, चुलीपाशी, बाजेवर. भागरताबाईंची जागा मला त्या दुपारी त्यांच्या मुलाच्या धडधाकट पायांत दिसली.