नळीचा नंबर

महबूब सारंग काचेचा चंबू जुन्या इंग्रजी मासिकाच्या पानात गुंडाळत होता. अर्धा गुंडाळून झाला आणि त्याचा हात थांबला. पानावर एक फोटो होता. कुणा म्हाताऱ्याचा उघडा हात, आणि त्यावर गोंदलेला आकडा.

त्याने चंबू बाजूला ठेवला, पान सपाट केलं आणि मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीच्या आधाराने एकेक ओळ वाचून काढली. लढाईतल्या जर्मनांच्या छावण्या. गुरांच्या डब्यांतून आणलेली माणसं. रांगेत उभं करून, नावं काढून घेऊन त्यांच्या हातावर ओळीने टोचलेले नंबर. ती माणसं कोण होती, तो शब्दही तिथे होता: यहुदी. कुवेतमध्ये तो शब्द कुणी चारचौघांत स्वतःबद्दल उच्चारत नसे. महबूबने दाराकडे पाहिलं. मग पान हळूच फाडून घडी केली आणि खिशात घातलं.

खिशात आधीच एक फोटो होता. काल गावाहून आलेला.

"महबूब, फोटो आला का रे?" आतल्या खोलीतून हॉफर साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

सात वर्षांत साहेबांशी बोललेलं हे पहिलं खोटं. आणि बोलायला दिवसही कोणता निवडला! संध्याकाळच्या विमानाने साहेब कायमचे निघाले होते.

चौपन्न साली ते आले तेव्हा सोबत दोन पेट्या काचसामान आणि अंगात लांब बाह्यांचा सदरा, एवढंच होतं. समुद्राचं पाणी उकळून गोडं करण्याची यंत्रं कुवेतमध्ये तेव्हा नवीन होती, आणि त्यांच्या नळ्यांत क्षाराची साल धरे. चहाच्या किटलीत धरते तीच, पण ती खरवडता खरवडता माणसं टेकीला येत. बंदरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साहेबांनी दीड वर्ष खपून एक पूड केली. ती पाण्यात सोडली की साल धरत नसे. आज त्या शेडचा कारखाना झाला होता, चाळीस माणसं कामाला होती, आणि पूड बसऱ्यापर्यंत जात होती. पैसा आला तसा साहेबांनी तो सोडलाही. फारूक फोरमनच्या मुलीचे डोळे बैरूतला त्यांनीच करून आणले. कामगारांच्या वस्तीत पिण्याचं पाणी आणलं, तेव्हा मात्र हट्ट धरून बसले. एक नळ नको, बारा हवेत.

"एक नळ म्हणजे रांग," ते म्हणाले होते. "माझ्या पाण्यासाठी कुणी रांगेत उभं राहायचं नाही."

गोऱ्यांच्या एकेक तऱ्हा, असं म्हणून लोक हसले होते. महबूबही हसला होता. आज ते हसणं त्याला आठवलं आणि स्वतःचीच चीड आली.

त्याचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. गावची विहीर मचूळ. गोड्या पाण्याचा हंडा आणायला त्याची आई जन्मभर डोंगर चढली. हे तो एकदा बोलता बोलता बोलून गेला, आणि साहेबांनी डोंगरावरच्या झऱ्यापासून मशिदीच्या आवारापर्यंत पाइप टाकून दिला. पुन्हा नळ बारा. मशिदीच्या जमातीने, म्हणजे गावच्या पंचांनी, पत्र लिहून विचारलं, दगडावर नाव कुणाचं घालू? साहेब म्हणाले, "नाव नको."

इथे महबूबने आपली अक्कल चालवली.

त्या आवारात एक जुना दगड होता. गावातले निम्मे पुरुष बोटीवर खलाशी. खलाशाचे कागद पत्र्याच्या नळीत असत, म्हणून कागदांनाच नळी म्हणत. लढाईत बोटी बुडाल्या तेव्हा कंपनीची पत्रं आली. त्यांत नावांची पार वाट लागलेली, नळीचा नंबर तेवढा बरोबर. ज्याचं मढंही मिळालं नाही त्याचा नंबर गावाने दगडावर कोरला. पहिलाच नंबर महबूबच्या बापाचा. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, बाया त्या दगडापाशी मयतांसाठी फातिहा पढत.

अशा गावच्या माणसाने साहेबांच्या हातावर आकडा पाहिला तर तो दुसरं काय समजणार? दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या बाहीवर तेजाब उडालं, महबूबने बाही टराटरा फाडून पाणी ओतलं, आणि तो निळा आकडा त्याला दिसला. त्याला वाटलं, हा माणूस बोटीवर होता. पत्र्याची नळी समुद्रात जाईल, कातडी जाणार नाही, म्हणून नंबर गोंदवून घेतलाय. केवढा हुशार माणूस! विचारलं कधीच नाही. आकडा मात्र पाठ झाला. नाव नको म्हटल्यावर त्याने जमातीला तोच कळवला, आणि जमातीने नवा दगड न घालता तो जुन्याच दगडावर कोरून टाकला. गावाला नंबर म्हणजे मयताचाच. काल आलेल्या फोटोत नळांशेजारी तो दगड आणि त्यावरचा नवा आकडा स्पष्ट दिसत होता.

दुपारी तो मिरकाब मोहल्ल्यातल्या आपल्या खोलीवर जेवायला गेला, पण ताट त्याने बाजूला सारलं. त्याने बायकोपुढे पान आणि फोटो दोन्ही ठेवले आणि सगळं सांगितलं. रहिमाने दोन्ही बराच वेळ पाहिले.

"म्हणजे यानं हौसेनं नाय गोंदवलान."

"नाय."

"आनि आपल्या गावानं तोच दगडावर कोरलान."

"माझ्यामुळं. फोटो दाखवतच नाय. आला नाय म्हणून सांगतो."

रहिमाने भाताचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "बारा नळ त्यानं दिलान. तुमाला लाज वाटते म्हणून त्यानं पाणी बघायचा नाय काय?"

तो परतला तेव्हा साहेब बंद पेटीवर बसले होते. एवढ्या उकाड्यात बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. महबूबने फोटो पुढे केला.

"साहेब, सकाळी खोटं बोललो."

साहेबांनी चष्मा लावला. नळांवरून बोट फिरवत मोजले. "बारा," ते म्हणाले आणि हसले. मग बोट दगडावर गेलं आणि थांबलं. त्यांचा उजवा हात डाव्या बाहीवर आला.

महबूबने काहीच लपवलं नाही. बाप, नळी, जमातीचं पत्र, मासिकाचं पान, सगळं सांगितलं. 

"चूक माझी आहे, साहेब. आजच तार करतो, नंबर घासून काढतील."

"बाकीचे नंबर कुणाचे?"

"बुडालेल्यांचे. ज्यांना कबर नाही त्यांचे."

"आणि बायका त्यांच्यासाठी प्रार्थना करतात?"

"दर गुरुवारी. दगडावर हात ठेवून." महबूबने फोटोतल्या दगडावर बोट ठेवलं. "साहेब, गावाने तुम्हाला मयत धरलंय. तुमचेही दोन गुरुवार झाले."

साहेब हसू लागले. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि ते पुसणं बराच वेळ चाललं.

"वाचता येतो का त्या बायकांना आकडा?"

"नाही, साहेब. बोट फिरवतात."

खिडकीबाहेर हमाल पेट्या चढवत होते. साहेबांनी खिशातली पेन्सिल काढली, फोटो उलटा केला आणि मागे आकडा लिहिला. टेबलापलीकडून उलटे आकडे वाचायची महबूबला सवय होती. आकडा तोच. नाही, तोच नव्हता. साहेबांच्या हातावरचा सत्तेचाळीसने संपत होता. हा सेहेचाळीसने.

"दगडावर जागा आहे?"

"आहे, साहेब."

"मग हा माझ्या आधी कोरायला सांग. अगदी लगत."

महबूबने फोटो दोन्ही हातांनी घेतला. "आणि तुमचा? घासून टाकायला सांगू?"

"राहू दे. तिथे तरी तो एकटा नको."

फातिहाला नाव लागतं. पण ते विचारायला महबूबची जीभ रेटेना. त्याने एवढंच विचारलं, "मोठे भाऊ होते?"

"धाकटा." साहेब बाहीचं बटण चाचपत म्हणाले. "रांगेत माझ्या पुढे उभं राहायची फार हौस होती त्याला."