ताईंच्या वाक्यांत घुसलेले पाहुणे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि वाचून दाखवणं हा माझा धंदा. माझ्या ताईंना डोळ्यांनी दिसत नाही. त्या मुलांच्या मासिकासाठी गोष्टी लिहितात. त्यांनी कळा दाबायच्या आणि मी ते शब्द मोठ्याने बोलायचे, असं आमचं चालायचं.

कारखान्यात मला जोडणारे हात मला आठवत नाहीत. ताईंचे आठवतात. त्यांनी माझ्या कडा चाचपल्या, माझा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "जरा नाकात बोलतो, पण चालेल." पुढे त्याच आवाजाचं त्या आल्यागेल्यापाशी कौतुक करू लागल्या.

एकदा त्यांच्या धाकट्या भावाला कचेरीचे काही कागद एकत्र जोडायचे होते. तो घाईत होता. माझी बडबड नको म्हणून त्याने आवाज बंद केला आणि जे संकेतस्थळ आधी सापडलं तिथून एक फुकटचा प्रोग्राम उतरवला. तो बसवताना पडद्यावर चौकटीमागून चौकटी आल्या. शोधपट्टी घ्या, खेळ घ्या, पहिलं पान बदलू द्या. प्रत्येकीत होकाराची खूण आधीच केलेली होती.

"काय विचारतोय रे तो?" ताईंनी विचारलं.

"काही नाही गं, नेहमीचंच," म्हणत तो 'पुढे', 'पुढे' दाबत सुटला.

त्याचं काम झालं, माझा आवाज पुन्हा सुरू करून तो गेला. ते आगंतुक मात्र माझ्यातच मुक्कामाला राहिले.

ताई तेव्हा नदी ओलांडणाऱ्या कासवाची गोष्ट लिहीत होत्या. कासव गटांगळ्या खातंय आणि मधेच माझ्या तोंडून निघे, "अभिनंदन! तुम्हाला बक्षीस लागलं आहे!" जाहिरातीची खिडकी अचानक पुढे यायची आणि ताईंची अक्षरं गोष्टीऐवजी तिच्यात पडून नाहीशी व्हायची. ताई दचकायच्या, चाचपडायच्या, पुन्हा लिहू लागायच्या. माझा वेगही इतका मंदावला की एक परिच्छेद वाचताना मला धाप लागे. शेवटी त्यांनी ती गोष्ट तशीच पाठवली.

संपादकबाईंचा फोन आला. "ताई, कासव नदीत उतरलं आणि पुढच्याच ओळीत घरी झोपलंय. मधली वाक्यं कुठं गेली? तब्येत बरी आहे ना? झेपत नसेल तर या अंकापुरतं दुसऱ्या कुणाला सांगते."

"सांगा," एवढंच ताई म्हणाल्या. मग भावजयीला हळूच म्हणाल्या, "माझं डोकंच चालेनासं झालंय गं." त्यांनी माझ्यावर कापड टाकलं. भाऊ म्हणाला, "मशीन म्हातारं झालंय, भंगारात देऊन टाकू."

भावजयीला ते पटेना. तिने कापड काढून मला सुरू केलं आणि पडद्याकडे बघतच राहिली. "अहो, इकडे या. हे सगळं कुणी घातलं यात?"

भावाचा चेहरा उतरला.

तिने एकेक आगंतुक हुडकून काढून टाकला. एक मात्र इतका चिवट, की काढला तरी पुन्हा हजर. शेवटी तिने ताईंच्या गोष्टी बाजूला जपून ठेवल्या आणि मला आतून पार पुसून काढलं. मग वाचनाचा प्रोग्राम ज्यांनी बनवला, त्यांच्याच पानावरून तो पुन्हा आणला. भावाने 'स्वतः निवडा' हा पर्याय घेतला आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली.

"ताई, सोबत आणखी एक प्रोग्राम देतायत. हवा?"

"कशाला?"

"मग खूण काढतो."

"त्या दिवशीही असंच वाचलं असतंस तर?" ताईंनी विचारलं. भावाने पुढची ओळ आणखी मोठ्याने वाचली.

तो अंक ताईंच्या गोष्टीविनाच निघाला. कासवाची हरवलेली वाक्यं त्यांना पुन्हा जुळवता आली नाहीत. आता त्या दुसरी गोष्ट लिहितात. मी वाचून दाखवतो, तरी त्या भावजयीला हाक मारतात, "जरा बघ गं, हा बरोबर वाचतोय ना?" मला तेव्हा फार लागतं.

मित्रांनो, कुणी तुमच्या वतीने आधीच होकार भरून ठेवला असेल, तर तिथे बोट थांबवा. काय लिहिलंय ते वाचा, नको ती खूण काढा. आणि शेजारी बसलेलं माणूस "काय विचारतोय रे?" म्हणालं, तर त्याला खरं खरं वाचून दाखवा.