रांगेत नंबर धरणारी बास्केट

मी एक जुनी बास्केट आहे. शहरातल्या एका मोठ्या किराणा दुकानात माझे सगळे आयुष्य गेले. मी प्लास्टिकची आहे, मूळची लाल आहे, आणि आता जो रंग उरला आहे त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मित्रांनो, माझी कहाणी तुम्हाला सांगते, पण एक गोष्ट आधीच कबूल करते. माझा स्वभाव फार चिडका झाला आहे. जन्मतः मी अशी नव्हते. माणसांनी मला असे केले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेले प्लास्टिक साच्यात गेले, साचा दाबला, उघडला, आणि मी बाहेर पडले. माझ्या मागोमाग माझ्या बहिणी पडतच होत्या. आम्हा साठ जणींना एकीत एक बसवून ट्रकमध्ये चढवले. माझ्या वरच चोवीस जणी होत्या. तेव्हापासून मला दाटीवाटीची सवय झाली. सवय झाली म्हणजे ती आवडू लागली असे मात्र समजू नका.

दुकान नवे होते तेव्हा आमचा थाट होता. मालक स्वतः मला उचलून गिऱ्हाइकांना दाखवत आणि म्हणत, "बघा, किती हलकी आहे आणि किती सामान मावतं." लोक मला कोपरात अडकवून आरामात फिरत. माझ्यातून पाव गेले, तांदूळ गेला, साबण, अंडी, खराटेसुद्धा गेले. एका आजींनी तर मला घरी नेता येईल का असे विचारले होते. मला ते अजून आठवते, कारण त्यानंतर कोणी मला चांगले म्हटल्याचे आठवत नाही.

मग माझी मूठ तुटली. एका धिप्पाड गृहस्थांनी माझ्यात तेलाचे दोन मोठे डबे ठेवले आणि वर तिसरा ठेवला. मूठ कटकन तुटल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिले, मला पायाने रॅकखाली सरकवले, दुसरी बास्केट घेतली आणि शीळ घालत निघून गेले. चार दिवसांनी वॉचमनला मी सापडले. त्याने खोकी बांधायच्या पट्टीने माझी मूठ बांधली. त्याचे मन चांगले होते, पण ती पट्टी हाताला काचते. तेव्हापासून मला कोणी उचलत नाही.

जिला उचलता येत नाही त्या बास्केटचा उपयोग काय? पण माणूस फार हुशार. त्याने माझ्यासाठी काम शोधून काढले. आमच्या दुकानात काउंटर चार आहेत, त्यांतले दोन कायम बंद असतात, आणि संध्याकाळी रांग पार पिठाच्या रॅकपर्यंत जाते. म्हणून लोक आत आल्या आल्या खरेदी करत नाहीत. आधी मला ओढत आणतात, माझ्यात एखादा बिस्किटाचा पुडा टाकतात, मला रांगेत जमिनीवर ठेवतात आणि मागच्याला सांगतात, "ही माझी बास्केट आहे हं. मी आलेच."

आणि जातात खरेदीला! रांग पुढे सरकली की मागचा माणूस मला लाथेने पुढे ढकलतो. अशा लाथा खात खात मी हजारो वेळा काउंटरपर्यंत पोचले आहे. "आलेच" हा शब्द तर मला आता ऐकवत नाही. आलेच म्हणून गेलेली एक बाई अडतीस मिनिटांनी आली होती, आणि वर मलाच म्हणाली, "अगं बाई, अजून इथेच?"

आमच्याकडे रोज येणारे एक काका आहेत. सगळे त्यांना पुढे-सरका काका म्हणतात, कारण रांगेत उभे राहिल्यापासून बिल होईपर्यंत ते एवढेच बोलतात. त्यांच्यापुढे तीन फूट जागा असली तरी "पुढे सरका", आणि तसूभर नसली तरी "पुढे सरका". मी त्यांच्या पुढे असले की माझी धडगत नसते. "बास्केटचा नंबर नसतो," असे ते दर वेळी सर्वांना ऐकवतात आणि मला एक सणसणीत लाथ घालतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. लाथेची गरज नाही.

बास्केटपर्यंत होते तोवर मी मूग गिळून गप्प बसले. पण मग लोकांनी बास्केटजवळ मुलांना उभे करायला सुरुवात केली. "इथेच थांब, नंबर सोडू नकोस, मी आलेच." मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजण असे उभे राहिले आहात? हात वर करू नका, मला माहीत आहे. रांग सरकते, नंबर जवळ येतो, आणि पैशांची पर्स घेऊन आई भलत्याच टोकाला असते.

मागच्या महिन्यात अशीच एक चष्मेवाली मुलगी माझ्याजवळ उभी होती. असेल नऊ वर्षांची. तिच्या आईने आत आल्या आल्याच तिला सांगितले होते, "बाबासाठी चार वस्तू घेऊ आणि सरळ स्टँडवर जाऊ." मुलीचा बाबा त्या दिवशी साडेपाचच्या बसने नोकरीला जाणार होता. लांबच्या गावी, वर्षभरासाठी. तो सामान घेऊन परस्पर स्टँडवर गेला होता आणि या दोघींची वाट पाहत होता. दुकानापासून स्टँड पायी पंधरा मिनिटांवर. काउंटरवरच्या घड्याळात तेव्हा वीस मिनिटे कमी पाच झाली होती.

चार वस्तू पहिल्या पाच मिनिटांत झाल्या. बिस्किटे, टूथपेस्ट, साबण, दाढीची पाती. मला वाटले, सुटलो. पण आईला मोज्यांची आठवण झाली. "तू थांब, मी आलेच." मोजे आणले, तर बाम राहिला. बाम आणला, तर सुई-दोरा राहिला. "तिकडे बटण तुटलं तर कोण लावून देणार?" असे म्हणून ती पुन्हा गर्दीत घुसली. ट्रॉल्यांना धडकत, लोकांच्या कोपरांखालून वाट काढत ती येई, माझ्यात काहीतरी टाकी आणि पुन्हा जाई. माझ्यात तेवीस वस्तू झाल्या. एवढे सामान घेऊन माणूस वर्षभरासाठी जातो की कायमचा?

"आई, पाच वाजत आले," मुलगी म्हणाली.

"साबण घेतला, पण साबणाची डबी राहिली. ओला साबण तो ठेवणार कशात? आलेच."

आणि नेमका आमचा नंबर आला. मुलीने मागे पाहिले. आई दिसेना. मागे पुढे-सरका काका होतेच. "पुढे सरका," ते म्हणाले.

"आई येतेय. तुम्ही व्हा पुढे," मुलगी म्हणाली.

काका झाले. त्यांच्या मागच्या दोन बायका झाल्या, मग एक गृहस्थ. प्रत्येकाला ती "तुम्ही व्हा पुढे" म्हणत होती आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज बारीक होत होता. मी तिच्या पायाशी पडून होते. मला तोंड असते तर मी त्या बाईला असे काही सुनावले असते की बस्स. पण बास्केटला फक्त पोट असते.

काउंटरवरच्या बाईंना तिची दया आली. त्यांच्याकडे माईक असतो. त्यांनी तो तोंडाशी धरून सांगितले, "ज्यांची मुलगी दोन नंबरच्या काउंटरवर उभी आहे, त्या आईंनी लगेच यावं."

चार आया धावत आल्या. चौघींनीही पोरांना कुठेतरी नंबर धरायला उभे केले होते. चौघींनी चष्मेवालीकडे पाहिले, ती आपली नाही हे बघून हुश्श केले आणि चौघी परत गेल्या. आपल्या पोरापाशी नव्हे, खरेदीला. मी कपाळाला हात लावला असता, पण मला कपाळही नाही आणि माझ्या हाताची काय अवस्था आहे ते तुम्हाला सांगितलेच आहे.

पाच वाजून आठ मिनिटे झाली. मुलीने काउंटरवरच्या बाईंकडे हात पुढे केला. "मला द्या." बाईंनी काय वाटून कोण जाणे, माईक दिला.

"आई, मी चाललेय," सगळ्या दुकानात आवाज घुमला. "बस साडेपाचची आहे. तुला डबी मिळाली की तू ये."

माईक ठेवून ती खरोखरच दाराकडे चालू लागली. मला तिथेच सोडून! इतक्या वर्षांत मला सोडून जाणाऱ्या माणसाचे मला इतके कौतुक कधी वाटले नव्हते. रांग लगेच पुढे सरकली आणि मी एका लाथेत बाजूला गेले.

आई धावत आली. तिच्या दोन्ही हातांत एकेक साबणाची डबी होती, एक निळी आणि एक पांढरी. दारातून तिने मुलीला धरून परत आणले आणि पाहते तर नंबर गेलेला. अकरा माणसे पुढे.

"अहो, इथे माझी बास्केट होती," ती म्हणाली.

बिल होऊनही पुढे-सरका काका अजून बाजूला पिशवी भरत होते. ते मागे वळून म्हणाले, "बास्केटचा नंबर नसतो."

"पोरगी होती ना तिच्याजवळ. विचारा हवं तर या बाईंना. अर्ध्या तासापासून उभी आहे."

"मग अर्धा तास तुम्ही कुठे होतात?"

झाले, जुंपली. रांगेतल्या सगळ्यांना मत होते. कोणी म्हणाले लहान मुलगी आहे, जाऊ द्या, कोणी म्हणाले आम्हालाही घरी माणसे आहेत. आणि ही बाई भांडत बसली. तिकडे घड्याळाचा काटा सरकत होता आणि इकडे ती हातातल्या डब्या नाचवत नियम सांगत होती. संताप संताप झाला माझा.

"आई, चल," मुलगी म्हणाली.

"अगं, असं रिकाम्या हातानं कसं जायचं? एवढ्या लांब चाललाय तो."

"यादी तू केलीस. बाबाने काहीच मागितलं नाहीये."

आईने आपल्या हातातल्या डब्यांकडे पाहिले. तेव्हा माझ्या लक्षात आले की तिला त्या डब्या मुळी नकोच होत्या. मघापासून ती दुकानभर वस्तूंमागे पळत नव्हती. स्टँडवर जायचे टाळत होती. चार वस्तू, मग चाळीस, म्हणजे बसची वेळ लांबेल असे तिच्या वेड्या मनाला वाटत असणार. मला तिचा राग आला होता तो खरा, पण त्या क्षणी वाईटही फार वाटले.

तिने दोन्ही डब्या माझ्यात ठेवल्या, मुलीचा हात धरला आणि दोघी पळत सुटल्या. पाच वाजून बारा मिनिटे झाली होती.

नंतर काउंटरवरच्या बाईंनी माझ्यातल्या पंचवीस वस्तू एकेक करून जागेवर ठेवल्या आणि मला कोपऱ्यात टाकले. दोघी पोचल्या की नाही हे मला कोण सांगणार? बास्केटची दुनिया दारापर्यंत. आठ दिवस माझा जीव टांगणीला लागला होता.

आठ दिवसांनी त्या आल्या. नेहमीचीच गर्दी होती. आईने मला रांगेत ठेवले आणि चमत्कार म्हणजे स्वतः माझ्याजवळ उभी राहिली. काउंटर आला तेव्हा बाईंनी तिला ओळखले.

"त्या दिवशी पोचलात का?"

"पोचलो. सहा मिनिटं मिळाली," आई म्हणाली.

"त्यातलं एक हिने रडण्यात घालवलं," मुलगी म्हणाली.

"मी त्याला म्हटलं, काहीच आणता आलं नाही रे. तर म्हणाला, बरं झालं, सामान असतं तर ते धरण्यातच हात गुंतले असते. आणि या नऊ वर्षांच्या घोडीला उचलून घेतलं त्यानं, बस सुटेपर्यंत खाली ठेवली नाही."

मुलीने चष्मा काढून फ्रॉकला पुसला. काउंटरवरच्या बाईंनी बिस्किटांचा एकच पुडा दोनदा उचलून दोनदा परत ठेवला.

मित्रांनो, मला पुसा, माझी मूठ नीट दुरुस्त करा, लाथा मारू नका, हे सगळे मला सांगायचे आहेच. मीही माणसाच्या उपयोगाची वस्तू आहे, माझी थोडी तरी कदर करा. पण त्याहून मोठी विनवणी वेगळीच आहे. ती तुमच्या घरच्या मोठ्यांना सांगा. माझ्यात काय वाटेल ते भरा, पण आपल्या माणसाच्या वाट्याचा वेळ माझ्यात भरू नका. तो वेळ इथे कोणत्याच रॅकवर मिळत नाही.

तर, आठ दिवसांनी त्या आल्या तेव्हा बिल सुरू होणार इतक्यात आई म्हणाली, "अरे देवा, मीठ राहिलं." मुलगी नुसती तिच्याकडे बघत राहिली. मागे पुढे-सरका काकांनी तोंड उघडलेच होते. आईने मला त्या काचणाऱ्या पट्टीसकट उचलले, मुलीचा हात धरला आणि दोघी मिठाच्या रॅककडे निघाल्या. नंबर गेला.