उलट्या बाजूने वाचलेलं बकरू

मी चित्रांचं पुस्तक बोलतोय. जरा लांबूनच ऐका आणि हात धुतलेत का ते आधी सांगा. माणसांवर माझा विश्वास नाही. कुणी मला 'जुनं सामान' म्हटलं की माझे कान रद्दीवाल्याच्या हाकेकडे लागतात.

माझी अक्षरं उर्दू आहेत. भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून मला खारबाव गावच्या केसरीनाथने आणलं, आपल्या लेकीसाठी, करिष्मासाठी. त्याला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. मला वाटलं, हा नक्की माझ्या पानांत भजी बांधणार. पण त्याने करिष्माला मांडीवर घेतलं आणि मला उघडलं. तेही भलत्याच बाजूने!

मी उजवीकडून सुरू होतो. माझ्या गोष्टीत बकरीचं पिल्लू दारातल्या आईला सोडून निघतं, होडीतून खाडी ओलांडतं आणि शेवटी डोंगरावर उभं राहून जग बघतं. केसरीनाथने मराठी पुस्तकासारखं डावीकडून उघडलं, म्हणजे थेट शेवटच्या पानावर.

"बग गो, बकरू डोंगरावं चुकलाय," तो म्हणाला. मग होडी आली, मग दारातली आई. "आला घरा!"

करिष्माने टाळ्या वाजवल्या. माझा नुसता जळफळाट झाला. पुढे कितीतरी वर्षं ते बकरू त्या घरात रोज परत यायचं.

करिष्मा लग्न होऊन भिवंडीला निघाली तेव्हा केसरीनाथने मला तिच्या बॅगेत साड्यांखाली सरकवलं. "येत जा," म्हणाला. मला म्हणाला की तिला, कोण जाणे.

गेल्या वर्षी तो वारला. तेव्हापासून करिष्मा खारबावला गेलेली नाही. तिची आई ललिता तिथे एकटी असते. तिचा फोन आला की करिष्मा म्हणते, "बघू गं आये, पुढच्या आठवड्यात." तो आठवडा येत नाही. बापाशिवाय ते घर तिला बघवत नाही, हे तिने नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

परवा आवराआवरीत मी रद्दीच्या ढिगावर गेलो. मी म्हटलंच होतं! तिथून मला ओढून काढलं मृणालीने, करिष्माच्या चार वर्षांच्या मुलीने. हात आंब्याने माखलेले.

करिष्मा वाचू लागली, अर्थात डावीकडून. "तुझे आजोबा असंच वाचायचे," तिने मृणालीला सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या बाई आल्या. त्या उर्दू शाळेत शिकवतात.

"अरे, उल्टा पढ रही हो! ये तो इधर से शुरू होती है." त्यांनी गोष्ट वाचून दाखवली. बकरू आईला सोडून गेलं, डोंगरावर पोचलं, गोष्ट संपली.

आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं. बाई गेल्या तरी करिष्मा पानाकडे बघत बसली होती. "म्हणजे ते परत येतच नाही," ती हळूच म्हणाली.

मृणालीने मला तिच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि परत दिलं. "मम्मी, आता आजोबांच्या बाजूने वाच ना."

करिष्माने वाचलं. केसरीनाथच्याच बोलीत, रडत रडत, शेवटच्या "आला घरा" पर्यंत. मग तिने फोन उचलला. "आये, उद्या येते. न्हाय, न्हाय, नक्की येते."

मला आता माझ्या छापणाऱ्यांचाच संशय येतो. बकरू डोंगरावर पोचलं आणि त्यांनी गोष्ट संपवली. दारात उभी असलेली बकरी किती दिवस तशीच उभी राहिली, हे त्यांनी विचारलंच नसणार.