एक गोल, शून्य असिस्ट

"टेकविन प्रिचर्ड. सामने सव्वीस, गोल एक, असिस्ट शून्य," ग्लिनने वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "रॉद्री, आता तूच सांग. गोल करायलाच ज्याला पुढे ठेवलंय, त्याचा सव्वीस सामन्यांत एक गोल. तोही ढोपराला लागून गेलेला!"

रॉद्री आमचा कोच, तिशीचा पोरगा. तो कपात नुसता चमचा फिरवत बसला होता. "तो असला की आपले गोल होतात," तो म्हणाला. "का होतात ते मला नीट सांगता येत नाही."

"होतात ना. पण करतो मागून धावत येणारा इओलो, आणि पास देतो तिसराच कुणीतरी. सगळं लिहिलंय इथे."

ग्लिन माझा चुलतभाऊ आणि क्लबचा सेक्रेटरी. त्याचा हा तक्ता चहाच्या खोलीत भिंतीवर लागतो. सामना संपल्यावर चहाला आलेले पाहुणे संघही तो वाचतात, याचा ग्लिनला कोण अभिमान! त्या गुरुवारी पुढच्या हंगामाची यादी ठरायची होती. टेकविन आहे पोस्टमन. शनिवारची पाळी घेणार की नाही, हे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डेपोत कळवायचं होतं. सामने शनिवारीच, तेव्हा पाळी घेतली की फुटबॉल संपला; चौतिसाव्या वर्षी दुसरा कुठला क्लब विचारतो? साडेसातला तो उत्तर ऐकायला येणार होता.

मी काही कमिटीत नाही. रविवारी चॅपलमध्ये ऑर्गन वाजवते, सोमवारी क्लबच्या जर्स्या धुते, आणि त्या संध्याकाळी बारा ब्रीथच्या, म्हणजे आमच्याकडच्या मनुकांच्या गोड पावाच्या, कापांना लोणी लावत होते. मध्ये बोलणं माझं काम नव्हे, पण गप्प बसवेना. कपाटातून टेकविनची नऊ नंबरची जर्सी काढली आणि सरळ ग्लिनच्या तक्त्यावर पसरली.

"हे काय, नेस्टा? लोणी लागलं कागदाला!"

"लागू दे. उजवा खांदा बघ. या हंगामात सात वेळा शिवलाय मी. आणि गळा? तू डोकं घातलंस तर अख्खा आत जाशील. बाकी कुणाच्या जर्सीला मी सुई लावलेली नाही."

"म्हणजे कपडे नीट वापरत नाही. तेही लिहून ठेवतो."

"अरे देवा! माणूस आपलाच खांदा मागून ओढतो का? कुणीतरी धरतं त्याला, दर शनिवारी. ज्याच्या हातून काहीच होत नाही, त्याला कशाला धरतील?"

रॉद्रीचा चमचा थांबला. ग्लिन हटेना. "धरलं म्हणून गोल होत नाही. असिस्ट म्हणजे शेवटचा पास. नियम म्हणजे नियम."

मग जे काढायचं नव्हतं ते मी काढलं. "तुझे वडील पुढच्या बाकावर बसायचे, आठवतं? रेव्हरंड मॉर्गनचा उपदेश साध्या बोलण्यात सुरू व्हायचा. तुझे वडील हळूच म्हणायचे, 'आमेन... हो, हो...' मग जरा वरच्या पट्टीत, 'आमेन!' आणि बोलणं कधी सुटलं, गाणं कधी लागलं, ते रेव्हरंडनाही कळायचं नाही. ऑर्गनशी बसलेल्या माझ्या अंगावर काटा यायचा. उपदेशकाला भरवणं म्हणायचो आपण. तुझे वडील गेले. त्यानंतर तोच रेव्हरंड, तोच आवाज, तेच चॅपल. लागलं का गाणं पुन्हा?"

ग्लिनने शिवणीवरून बोट फिरवलं. "नाही लागलं," तो म्हणाला. आणि त्याने लॅपटॉप उघडला. "शेवटच्या पाच गोलांचे व्हिडिओ लावतो. बघू."

पहिल्या गोलाला आम्ही तिघंही चेंडूच बघत बसलो. टेकविन कुठे होता, कुणालाच सांगता येईना. मेला डोळा चेंडूमागेच धावतो. शेवटी ग्लिनने चहाची बशी उचलून पडद्यावर चेंडूवर धरली आणि चेंडू जाईल तशी सरकवत राहिला. तेव्हा दिसलं. घरी शेगडी चालू राहिली असावी तसा टेकविन डाव्या कोपऱ्याकडे पळत सुटला होता. मागे दोन बचावपटू, एकाच्या मुठीत माझी शिवण. आणि ते तिघे जिथून निघाले, तिथे स्लेटच्या दगडांचा ट्रक वळेल एवढी जागा. तिथे इओलो, एकटा.

"पुन्हा," ग्लिन म्हणाला.

दुसरा तसाच. तिसरा, चौथा तसाच. पाचव्या गोलाच्या वेळी टेकविन खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता.

"हा त्याचा नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"नाहीच. पण पाचात चार!" ग्लिनने पट्टी आणि पेन्सिल घेतली. "रकान्याला नाव काय देऊ? 'दोघांना घेऊन गेला'?"

तेवढ्यात टेकविन आलाच. अंगात पोस्टाचं जॅकेट, हातात क्लबची बॅग, परत द्यायला आणलेली. "अंकल ग्लिन, अवघडून जाऊ नका. तक्ता मलाही वाचता येतो."

"खाली बस. त्या दोघांना चार वेळा कोपऱ्यात नेलंस. मुद्दाम?"

टेकविन कानापर्यंत लाल झाला. "ते येतातच हो. मी असा आडदांड, त्यांना वाटतं मीच गोल मारणार. म्हटलं, येताच आहात तर जरा लांब चला."

"मग वर्षभर तोंडात काय होतं? मी तुला काढायला निघालो होतो, गाढवा!"

"कुणाला सांगू? इओलोला कळलं तर तो पळायच्या आधी माझ्याकडे बघणार. त्याने बघितलं की ते दोघेही समजणार आणि जागेवर उभे राहणार. मग गोल कुठला?"

ग्लिनची रेघ अर्ध्यावर थांबली. परके संघ चहा पीत ज्या भिंतीशी उभे राहतात, तिकडे त्याने पाहिलं. मग खोडरबर शोधलं आणि रेघ नीट पुसून टाकली.

"यादीत तुझं नाव घालतोय," तो म्हणाला. "पण तक्त्यात एक आणि शून्यच राहणार. लोक हसतील."

"आत्ता काय रडतात का?"

"आणि तू, रॉद्री, इओलोसमोर एक अक्षर काढू नकोस."

मी टेकविनच्या हातात बारा ब्रीथचा जाड काप दिला. तो खातखातच बाहेर गेला आणि दारातून त्याचा आवाज आला. "डेपो? टेकविन बोलतोय. शनिवार नाही जमणार... नाही, नाही, तब्येत उत्तम आहे. शनिवारी मला काम असतं."