मालकांचा अडकित्ता

“मावशी, हातात घ्या की. चावत नाही तो,” मल्लिनाथ मालक म्हणाले आणि सोफ्यावरचे दोघे पाहुणे हसले.

गोजाबाईंसमोर काचेच्या टेबलावर तीन अडकित्ते मांडले होते. मालक त्यांना सिगार कटर म्हणत होते. एक सोनेरी, एक काळा कुळकुळीत आणि एक साधा, स्टीलचा. शेजारच्या लाकडी पेटीत अंगठ्याएवढ्या जाड सिगार. अडतीस वर्षं मालकांच्या कारखान्यासाठी विडीचं पान कापलेल्या बाईकडून कटर निवडून घ्यायचा, ही आजच्या दुपारची करमणूक होती. एका पाहुण्याने मोबाईलही सरसावला होता.

गोजाबाईंना त्या करमणुकीचं सोयरसुतक नव्हतं. बंगल्यावरून बोलावणं आलं म्हणताच त्या ठेवणीतलं लुगडं नेसून निघाल्या होत्या. महिन्यापूर्वी विड्या तपासणाऱ्या चेकरने त्यांच्या विड्या सैल म्हणून छाटून टाकल्या आणि पाठोपाठ कार्डही काढून घेतलं. कार्ड नाही म्हणजे पान नाही, तंबाखू नाही, काम नाही. नवरा गेल्यावर मंद्रूपहून सोलापुरात आलेल्या या बाईला दुसरं काही येतही नव्हतं. आज मालकांना खूष करायचं आणि कार्ड मागून घ्यायचं, एवढंच त्यांनी मनाशी घोकलं होतं.

त्यांनी सोनेरी कटर उचलला. कानाशी नेऊन उघडझाप केली, मग पातं नखाने दाबून पाहिलं.

“ह्यो न्हाय. पातं हालतंय ह्येचं. हाललं की कापत न्हाय, चेंगरतंय.”

“अहो, सगळ्यात महाग तोच आहे!”

“आसंल की. पान फाटंल तुमचं.”

काळ्याचं एक पातं मागे राहत होतं. स्टीलचा मात्र हातात धरला तो त्यांना सोडवेना. सिगारच्या टोकाशी पान कुठे दुमडून चिकटवलंय, ते त्यांनी बोटाने चाचपलं आणि एका दमात कटर दाबला. टिकलीएवढा तुकडा पडला. पानाला चीर नाही.

मालकांनी झुरका घेतला आणि मान डोलावली. “वा! कसं निवडायचं ते यांना परत सांगा, मोबाईलकडे बघून.”

“दोनी पाती एकाच टायमाला भेटाया पायजेत. आन् हालाया नगं. हालणारं ठिवून घिऊ नगा, कितीबी भारीतलं आसू द्या,” गोजाबाईंनी सांगितलं. आणि तेवढ्याच दमात, “मालक, माजं कार्ड तेवढं द्या की परत.”

बोलता बोलता त्या कटर खाली ठेवत होत्या. तो काचेवर टकटक वाजला. कापताना न हललेला हात मागताना थरथरत होता.

मालकांनी ते पाहिलं. “मावशी, आत्ता तुम्हीच सांगितलंत ना? हालणारं ठेवून घेऊ नका.”

पाहुणे या वेळी जास्तच हसले. गोजाबाईही हसल्या. मालक हसले की हसायचं, ही सवय काही कार्डाबरोबर गेली नव्हती.

“हा सोनेरी घेऊन जा. आठवण म्हणून,” मालक म्हणाले.

खोलीवर येऊन त्यांनी तो कोपऱ्यात टाकला. सवयीने विड्या वळायचं रिकामं सूप मांडीवर घेऊन बसल्या. ट्रंकेतून आपली जुनी कात्री काढली, कानाशी नेऊन उघडझाप केली. पाती बरोबर भेटत होती. कुठे काही हालत नव्हतं.

कात्री सुपात ठेवून त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.